आठ विरुद्ध सात

संसदीय राजकारणात दोन विरोधी पक्षांनी मिळून नेमलेल्या समितीला एक वेगळीच प्रतिष्ठा लाभते. एकाच पक्षाची समिती असली की तिच्या अहवालाकडे आपण संशयाने पाहतो. पण दोन्ही बाजूंची माणसे तिच्यात आहेत असे कळले की ती निःपक्षपाती असणारच, असे धरून चालतो. आपल्याकडे दलित वस्तीवर हल्ला झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वपक्षीय शांतता समिती बसते. तिच्यात सत्ताधारी पक्षाचा तालुक्याचा पुढारी असतो, विरोधी पक्षाचाही असतो, आणि पुष्कळदा दोघे एकाच भावकीतले असतात. वर्तमानपत्रे या समितीला समतोल म्हणतात. हा समतोल कोणाकोणांत साधलेला असतो, हे तपासायचे तर एका जुन्या समितीची हकीकत आपण नीट वाचली पाहिजे. ती समिती १८७७ साली अमेरिकेत बसली, तिच्यात एका पक्षाचे आठ आणि दुसऱ्याचे सात सदस्य होते, आणि तिच्या निकालानंतर अवघ्या आठ आठवड्यांत दक्षिणेतील काळ्या माणसाच्या डोक्यावरचे सरकारी छत्र काढून घेतले गेले.

प्रारंभीच एक खुलासा करतो. पुढे 'रिपब्लिकन' हा शब्द वारंवार येईल. आपल्या ओळखीच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. त्या काळी अमेरिकेत रिपब्लिकन हा गुलामगिरी मोडणाऱ्या लिंकनचा पक्ष होता, आणि डेमोक्रॅटिक पक्ष हा दक्षिणेतल्या जुन्या गुलाममालकांचा आधार होता. यादवी युद्ध १८६५ साली संपले. त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी गेली, १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने नागरिकत्व दिले, १८७० च्या पंधराव्या दुरुस्तीने मताधिकाराला वर्णाची आडकाठी करण्यास बंदी घातली. काल ज्याची बाजारात बोली लागत होती तो आज विधिमंडळात बसू लागला. या काळाला पुनर्रचनेचा काळ म्हणतात.

जमीन मात्र मालकाकडेच राहिली. ज्याच्या शेतावर राबायचे त्याच्याच विरोधात मत द्यायचे, हे किती अवघड असते ते या नियतकालिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. कू क्लक्स क्लॅन या संघटनेचे बुरखेधारी स्वार रात्री-अपरात्री झोपड्यांवर येत. त्यांचा छडा लावण्यासाठी १८७१ मध्ये काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांची एक संयुक्त समिती नेमली गेली. सात सिनेटर, चौदा प्रतिनिधी. बहुमत रिपब्लिकनांचे, पण डेमोक्रॅटही होते. ही समिती दक्षिणेत गेली आणि तिने शेकडो साक्षी घेतल्या. जॉर्जियाच्या विधिमंडळाचा सदस्य अब्राम कोल्बी हा पूर्वी गुलाम होता. १८६९ साली त्याला घरातून ओढून रानात नेले आणि तासन्‌तास फटके मारले. मारता मारता विचारले, पुन्हा रॅडिकलांना मत देशील का? उद्या निवडणूक झाली तर त्यांनाच देईन, असे उत्तर आपण दिले, हे त्याने समितीपुढे सांगितले. अशा साक्षींचे तेरा खंड १८७२ मध्ये छापले गेले. समितीतील डेमोक्रॅटांनी आपला वेगळा अहवाल लिहून या साऱ्याचे खापर उत्तरेतून आलेल्या लोकांच्या कारभारावर फोडले. म्हणजे एकमत झाले नाही ते नाहीच. परंतु एकमत न झालेल्या या समितीने मार खाणाऱ्यांचे शब्द कागदावर उतरवले, आणि आज त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्याला त्या तेरा खंडांवाचून पाऊल टाकता येत नाही. दोन पक्षांची समिती म्हणजे सदैव निरर्थक, असे माझे म्हणणे नाही, ते यासाठी. तिच्यापुढे कोणाला उभे राहू दिले जाते, यावर सगळे अवलंबून असते.

आता १८७६ ची अध्यक्षीय निवडणूक. रिपब्लिकनांचा उमेदवार ओहायोचा गव्हर्नर रुदरफर्ड हेज, डेमोक्रॅटांचा न्यूयॉर्कचा गव्हर्नर सॅम्युएल टिल्डन. लोकांच्या मतांत टिल्डन सुमारे अडीच लाखांनी पुढे होता. पण अमेरिकेत अध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांच्या निर्वाचक मतांवर. विजयासाठी १८५ हवी होती. टिल्डनकडे निर्विवाद १८४, हेजकडे १६५. उरलेल्या वीस मतांवर दोघांचाही दावा होता: फ्लॉरिडाची चार, लुइझियानाची आठ, साउथ कॅरोलिनाची सात आणि ओरेगनचे एक. टिल्डनला एक मत पुरे होते, हेजला वीसच्या वीस हवी होती.

ओरेगनचा वाद तांत्रिक होता, तो सोडून देऊ. दक्षिणेतल्या तीन राज्यांतला वाद रक्ताने भिजलेला होता. साउथ कॅरोलिनात निम्म्याहून अधिक लोक काळे. तिथल्या हॅम्बर्ग गावी जुलै १८७६ मध्ये काळ्या स्वयंसेवक पथकावर गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने हल्ला केला आणि पकडलेल्यांना निवडून निवडून गोळ्या घातल्या. लाल सदरे घातलेल्या गोऱ्यांच्या टोळ्या घोड्यांवरून प्रचारसभांत घुसत. लुइझियानात त्याआधीच, एप्रिल १८७३ मध्ये, कोलफॅक्स येथे कचेरीचा आसरा घेतलेल्या काळ्यांची कत्तल झाली होती. मृतांचा आकडा कोणी साठ सांगतो, कोणी दीडशे. इतके होऊनही हजारो काळ्या मतदारांनी मतदान केले. या राज्यांत रिपब्लिकनांना दावा करता येईल इतकी मते पडली ती केवळ याच लोकांच्या छातीवर. दुसरीकडे राज्यांची निकाल-मंडळे रिपब्लिकनांच्या ताब्यात होती. दहशत झाली या कारणाने त्यांनी डेमोक्रॅटांची हजारो मते बाद केली. त्या मंडळांचे वर्तनही धुतल्या तांदळासारखे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. परिणामी या राज्यांतून दोन-दोन निकालपत्रके वॉशिंग्टनला पोहोचली. रिपब्लिकनांच्या हाती सिनेट होती, डेमोक्रॅटांच्या हाती प्रतिनिधिगृह. दोन्ही सभागृहांनी आपापले चौकशी-मंडळ दक्षिणेत धाडले, आणि प्रत्येक मंडळ आपल्या पक्षाला हवे ते पाहून परतले.

या कोंडीतून मार्ग म्हणून जानेवारी १८७७ मध्ये निर्वाचन आयोगाचा कायदा झाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. पंधरा सदस्य. पाच सिनेटर, त्यांपैकी तीन रिपब्लिकन व दोन डेमोक्रॅट; पाच प्रतिनिधी, त्यांपैकी तीन डेमोक्रॅट व दोन रिपब्लिकन; आणि सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती. त्यांतले चार दोन्ही पक्षांकडे झुकणारे दोन-दोन, आणि या चौघांनी पाचवा निवडायचा. सोनाराच्या काट्यावर तोलावे तसे सात-सात तोलून झाले होते. पाचवा न्यायमूर्ती डेव्हिड डेव्हिस असेल अशी सर्वांची धारणा होती, कारण तो कोणत्याच पक्षाचा मानला जात नसे. पण नेमके त्याच दिवसांत इलिनॉयच्या विधिमंडळाने डेमोक्रॅटांच्या मतांच्या बळावर डेव्हिसला सिनेटवर निवडून दिले. त्याने आयोगावर बसण्यास नकार दिला. उरलेले सगळे न्यायमूर्ती रिपब्लिकन. त्यांतला जोसेफ ब्रॅडली निवडला गेला, आणि काटा एका गुंजेने झुकला.

कायद्याच्या बाजूने डेमोक्रॅटांनी रिपब्लिकनांपेक्षा जास्त मते दिली होती, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आयोगात दक्षिणेच्या सैन्यात जनरल राहिलेला व्हर्जिनियाचा एपा हंटन होता. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेम्स गारफील्ड होता. काळा माणूस एकही नव्हता. तो मिळाला नाही म्हणावे तर त्या वेळी सिनेटमध्ये मिसिसिपीचा ब्लांश ब्रूस बसत होता. प्रतिनिधिगृहात सहा काळे सभासद होते, त्यांत साउथ कॅरोलिनाचे रॉबर्ट स्मॉल्स आणि जोसेफ रेनी, लुइझियानाचा चार्ल्स नॅश. म्हणजे ज्या राज्यांच्या मतांचा निवाडा व्हायचा होता त्याच राज्यांचे लोकांनी निवडलेले प्रतिनिधी. त्यांच्यापैकी कोणाला घ्यावे, असा आग्रह दोन्ही पक्षांच्या पुढाऱ्यांनी धरला नाही. समतोल दोन पक्षांत साधायचा होता, आणि काळी माणसे हा पक्ष नव्हता. ती एका पक्षाची मते होती.

सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात फेब्रुवारीभर आयोगाचे काम चालले. पहिला वाद फ्लॉरिडाचा निघाला, आणि त्यात पायाभूत प्रश्न असा आला: राज्याने रीतसर प्रमाणित करून पाठवलेल्या निकालपत्रकाच्या मागे जाऊन मतदानात प्रत्यक्ष काय झाले, याचा पुरावा घ्यायचा की नाही? आयोगाने ठरवले, घ्यायचा नाही. आठ विरुद्ध सात. मग लुइझियाना, आठ विरुद्ध सात. ओरेगन, साउथ कॅरोलिना, प्रत्येक वेळी निर्णायक मतदान तेच. ब्रॅडलीने रात्रीतून आपले मत फिरवले अशी ओरड डेमोक्रॅटांनी केली. ती खरी की खोटी यात आपण शिरण्याचे कारण नाही. आपल्याला महत्त्वाचे आहे ते पुराव्याचे दार बंद होणे. डेमोक्रॅटांना ते दार उघडे हवे होते ते रिपब्लिकन निकाल-मंडळांच्या लबाड्या दाखवण्यासाठी. रिपब्लिकनांना ते बंद हवे होते, कारण बंद ठेवण्यात हेजचा विजय होता. त्या दाराबाहेर हॅम्बर्ग आणि कोलफॅक्सही उभे होते. निकालपत्रकावर मतांची संख्या असते. मत द्यायला निघालेल्या माणसाच्या पाठीवरचे वळ तिथे नोंदवण्याची सोय नसते. कायद्याच्या दृष्टीने आयोगाचे म्हणणे अगदीच पोकळ होते असे नाही, पण त्याचा परिणाम असा झाला, की ज्यांच्या मतांवरून देश तीन महिने भांडत होता त्यांची कैफियत ऐकण्याची जबाबदारी कोणावरच राहिली नाही.

आयोगाचा निकाल आल्यावरही प्रतिनिधिगृहातील काही डेमोक्रॅटांनी मतमोजणी रखडवण्याचा खटाटोप चालवला. २६ फेब्रुवारीला वॉशिंग्टनमधील वर्मली हॉटेलात ओहायोचे रिपब्लिकन आणि दक्षिणेतले डेमोक्रॅट एकत्र बसले. हेजच्या माणसांनी आश्वासन दिले, की नवा अध्यक्ष लुइझियाना आणि साउथ कॅरोलिनात डेमोक्रॅटांच्या सरकारांना आडकाठी करणार नाही. आयोगाचा सदस्य गारफील्ड तेथे थोडा वेळ येऊन गेला. या बैठकीने खरोखर कितपत फरक पडला, रेल्वेच्या अनुदानाचे आमिष त्यात किती होते, यावर अमेरिकन इतिहासकारांत बराच वाद आहे. हेजचा कल आधीच तिकडे होता असेही पुष्कळ जण मानतात. असो. ते हॉटेल जेम्स वर्मली नावाच्या काळ्या गृहस्थाच्या मालकीचे होते. त्याच्या छपराखाली, त्याच्या खुर्च्यांवर बसून हा व्यवहार झाला.

२ मार्चच्या पहाटे मोजणी संपली. हेज १८५, टिल्डन १८४. एप्रिलच्या १० तारखेला कोलंबिया येथील विधानभवनावरचे केंद्रीय सैनिक बराकीत परतले, २४ तारखेला न्यू ऑर्लीन्समधले. ज्या रिपब्लिकन गव्हर्नरांचे दावे हेजच्या दाव्याइतकेच बरे-वाईट होते, ते चेंबरलेन आणि पॅकर्ड दोघेही पदावरून गेले. ज्या मतदारांनी जीव धोक्यात घालून हेजला अध्यक्ष केले त्यांचे पुढे काय, हा प्रश्न दोन्ही पक्षांपैकी कोणाच्याही हिशेबात उरला नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये रेल्वे कामगारांचा प्रचंड संप झाला, तेव्हा तो मोडायला हेजने केंद्रीय सैन्य पाठवले. सैन्य वापरण्याविषयी त्याला तात्त्विक अडचण होती असे म्हणता येत नाही.

आणखी एक नेमणूक झाली. फ्रेडरिक डग्लस हा स्वतः गुलामीतून निसटून आलेला, काळ्यांचा सर्वांत मोठा वक्ता. त्याने १८७६ च्या रिपब्लिकन अधिवेशनात उभे राहून, घटनेत दिलेली वचने तुम्ही पाळणार आहात काय, असे पक्षाला विचारले होते. हेजने त्याला राजधानीचा मार्शल नेमले. त्या पदावर काळा माणूस पूर्वी बसला नव्हता. मात्र अध्यक्षांच्या समारंभात पाहुण्यांची ओळख करून देण्याचे मार्शलचे पूर्वापार काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले. एका माणसाला पद आणि समाजाला पाठ, हा प्रकार आपल्या महाराष्ट्रातही अपरिचित नाही. डग्लसची योग्यता वादातीत होती, म्हणून तर ही नेमणूक इतकी उपयोगी पडली.

ब्रॅडलीची कथा इथे संपत नाही. कोलफॅक्सच्या कत्तलीत ज्या थोड्यांना शिक्षा झाली होती, त्यांचे आरोपपत्र सदोष ठरवणारा पहिला न्यायाधीश तोच होता. १८७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सारे सोडून दिले. पुढे १८८३ मध्ये, हॉटेल, रेल्वे, नाटकगृह अशा ठिकाणी वर्णभेद करण्यास बंदी घालणारा १८७५ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तो निकालही ब्रॅडलीने लिहिला. त्यात त्याचा एक मुद्दा असा होता, की गुलामीतून सुटलेल्याने कायद्याचा खास लाडका असणे कधीतरी थांबवावे आणि साधा नागरिक व्हावे. गुलामगिरी जाऊन तेव्हा अठरा वर्षे झाली होती. 'सवलती आणखी किती दिवस?' हा प्रश्न आपल्याकडे जे रोज विचारतात, त्यांचा पूर्वज कोण हे यावरून समजावे. त्या निकालाला एकट्या जॉन मार्शल हार्लनने विरोध केला. हा हार्लन, डेव्हिस सिनेटवर गेल्यामुळे रिकाम्या झालेल्या जागी हेजनेच नेमलेला. इतिहासाची गणिते अशी सरळ सुटत नाहीत.

उरलेले थोडक्यात. १८९० पासून राज्यामागून राज्याने साक्षरतेच्या परीक्षा आणि मतपट्टी लावून काळ्यांची नावे यादीतून पुसली. लुइझियानात १८९६ साली १,३०,३३४ काळे मतदार नोंदलेले होते, १९०० साली ५,३२० उरले. १९०१ नंतर दक्षिणेतून पुढचा काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये बसायला १९७३ साल उजाडावे लागले. आणि या सगळ्याला विद्वत्तेचा मुलामाही चढला. पुनर्रचना म्हणजे अडाण्यांच्या हाती दिलेल्या सत्तेचा अनाचार होता, असा इतिहास लिहिणाऱ्यांचे प्रमुख पीठ कोलंबिया विद्यापीठात, विल्यम डनिंग यांच्या हाताखाली होते. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब त्याच विद्यापीठात शिकत होते. डनिंग पंथाला सज्जड उत्तर द्यायला डु बॉइस यांचा १९३५ चा ग्रंथ यावा लागला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच डु बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी त्यांनी दाखवलेल्या औदार्याबद्दल. ते लोक त्या सन्मानाला पात्रच होते. चार वर्षांनी विश्वासघात केला तो पक्षांनी. बाबासाहेबांना हा फरक पुरता ठाऊक होता. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचे काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात, यादवी युद्धानंतर निग्रोंच्या वाट्याला काय आले ते अस्पृश्यांना विसरता येत नाही, असे त्यांनी बजावले आहे. त्यांच्यापुढे ताजी उदाहरणेही होती. १९२७ च्या सायमन कमिशनवर ब्रिटनच्या तिन्ही पक्षांचे सात सभासद होते आणि एकही भारतीय नव्हता. या अपमानाबद्दल देशभर काळी निशाणे निघाली, आणि ती निघणे योग्यच होते. पण १९२८ मध्ये याच निशाणे काढणाऱ्यांच्या सर्वपक्षीय परिषदेने घटनेचा मसुदा करायला नेहरू समिती नेमली, तेव्हा तिच्यात अस्पृश्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. सायमनला लावलेले माप स्वतःला लावावे, असे त्यांना वाटले नाही. बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९२८ मध्ये पुण्यात सायमन कमिशनपुढे साक्ष दिली आणि नेहरू समितीच्या अहवालावर 'बहिष्कृत भारत'मधून टीका केली. त्यांना देशद्रोही ठरवणाऱ्यांनी या दोन समित्या शेजारी ठेवून कधी पाहिल्या नाहीत.

आता शेवटी पुन्हा लुइझियाना. १८७९ मध्ये दक्षिणेतून हजारो काळी कुटुंबे सामान बांधून कॅन्ससच्या दिशेने निघाली. ही माणसे का जातात, याचा शोध घ्यायला सिनेटने एक समिती नेमली: तीन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. दीडशेवर साक्षीदार झाले आणि, अपेक्षेप्रमाणे, दोन अहवाल आले. तीन डेमोक्रॅटांनी स्थलांतराचा दोष उत्तरेच्या रिपब्लिकनांच्या चिथावणीला दिला, दोन रिपब्लिकनांनी दक्षिणेच्या जुलमाला. पण साक्षीदारांत हेन्री अ‍ॅडम्स नावाचा एक माणूस होता. जन्माने गुलाम, पुढे सैन्यात तीन वर्षे, तिथेच लिहा-वाचायला शिकलेला. त्याने सांगितले, की १८७० च्या सुमारास आम्ही सैन्यातून परतलेल्या लोकांनी आपली स्वतःचीच एक समिती केली. सुमारे पाचशे माणसे. त्यांतली दीडशे जण दक्षिणेत राज्याराज्यांत गेली, आपल्या पैशाने, मजुरी करत करत, आणि आपली माणसे कशी जगतात, त्यांना मजुरी मिळते की नाही, कोणाला मारले, कोणाला कापले, हे पाहून परत येऊन सांगत राहिली. १८७७ पर्यंत आमचा थोडा विश्वास होता. त्या वर्षी सारी दक्षिण पुन्हा आमच्या जुन्या मालकांच्या हाती गेलेली पाहिली आणि आम्ही आशा सोडली. मग आम्ही अध्यक्षाकडे आणि काँग्रेसकडे अर्ज केले, की आम्हाला वेगळा प्रदेश द्या, नाहीतर लायबेरियाला जायला जहाजे द्या. देश सोडायला तयार असलेल्यांची ९८ हजार नावे आमच्या यादीत आहेत, असे तो म्हणाला.

सिनेटरांनी त्याला विचारले, तुमच्या समितीत राजकारणी किती? एकही नाही, त्याने सांगितले. त्यांना आम्ही काही कळूच दिले नाही. आमच्यातल्या राजकारण्याला घेतले असते तर त्याने ते त्याच्या पक्षाच्या गोऱ्यांना सांगितले असते, आणि तिथून ते आम्हाला मारणाऱ्यांपर्यंत पोहोचले असते.